तिच्या नावाचा पुकारा

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोडेखोरांच्या मागे मध्यप्रदेशात महिना-महिना फिरलो, एका दंगलीत डोकंही फोडून घेतलं. आता निवृत्त झाल्यावर लोक म्हणतात, साहेब, एखादी भारी केस सांगा. मी सांगतोही. पण एकटा बसलो की मला आठवतं ते सिग्नल तोडल्याचं एक प्रकरण. त्यात ना प्रेत होतं, ना हत्यार. दंड भरला असता तर पाच मिनिटांत मिटलं असतं. नावं लिहिणार नाही. ती माणसं अजून याच शहरात राहतात.

आधी त्या घराबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

बाप मूळचा काटोलकडचा. संत्र्याच्या हंगामात तोडणी आणि पेट्या भरणं, बाकी वर्ष मिळेल ते काम. पुढे बायको आणि लहान मुलगी घेऊन तो नागपुरात आला आणि बेसा भागात एका बांधकामावर चौकीदार झाला. तेव्हा बेसा धड गाव नव्हतं, धड शहर नव्हतं. शेतं जाऊन तिथं एकामागून एक फ्लॅटच्या स्कीमा पडत होत्या. चौकीदाराला साइटवर टिनाची खोली मिळायची. इमारत पूर्ण झाली, लोक राहायला आले, की ती खोली मोडायची आणि हे तिघं पुढच्या साइटवर. दुसऱ्यांची घरं उभी राहिली की यांचं घर मोडायचं. बारावी होईपर्यंत त्या मुलीनं अशा सहा-सात खोल्या बदलल्या. आई मनीषनगरच्या फ्लॅटांमध्ये पोळ्या करायला जायची. दुसऱ्याच्या घरात शंभर पोळ्या लाटून आल्यावर आपल्या घरी भात टाकायची, कारण हातात बळ उरायचं नाही.

अशा घरातली मुलगी बी.ए. झाली. त्या घराण्यातली पहिली. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आमच्याही घरात पहिला पदवीधर मीच. माझा बाप जिनिंग फॅक्टरीत हमाल होता. माझा पदवीचा कागद त्यानं हातात घेतला तेव्हा उलटा धरला होता, आणि मी तो सरळ करून दिला नाही. त्या कागदाचा मला अभिमान आहे, आजही. चारचौघांत इंग्रजी वाचून दाखवायची संधी मी नोकरीभर सोडली नाही.

तर मी तेव्हा शहराच्या दक्षिण टोकाच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली, बंदोबस्त वाटून दिला, टपाल उघडलं. टपालात पोलीस भरतीत निवड झालेल्या उमेदवारांच्या चारित्र्य पडताळणीचे कागद होते. आमच्या हद्दीतले चार. आमचा कारकुनी पाहणारा हवालदार ते घेऊन बसला आणि नावं वॉरंट रजिस्टरशी ताडून पाहू लागला. थोड्या वेळानं तो आत आला.

"साहेब, ही बेसाची पोरगी शिपाई भरतीत लागली. अन् हिच्याच नावाचं कोर्टाचं वॉरंट आपल्याकडे पडून आहे."

"कशाचं?"

"मोटार वाहनाचं. मनीषनगरच्या चौकात सिग्नल तोडला, हेल्मेट नाही. कॅमेऱ्यानं चलान फाडलं. भरलं नाही म्हणून समन्स निघालं, समन्सवर हजर झाली नाही म्हणून जामीनपात्र वॉरंट."

"फॉर्मवर काय लिहिलं आहे तिनं?"

"'न्यायालयात आपल्याविरुद्ध खटला प्रलंबित आहे काय?' यापुढे 'नाही' लिवलं साहेब. चांगल्या अक्षरात."

सिग्नल तोडल्यानं कोणाची नोकरी जात नाही. फॉर्मवर खोटं लिहिल्यानं मात्र जाते. माहिती लपवली असा शेरा माझ्या सहीनं गेला असता, तर त्या मुलीची निवड तिथंच संपली असती. आणि पुढच्या भरतीला तिचं वय बसत नव्हतं. अहवाल आठ दिवसांत पाठवायचा होता.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. सडपातळ, उन्हानं रापलेली, धावण्याचा सराव केलेली मुलगी. ताठ उभी राहिली. मी तिला बसही म्हटलं नाही.

"आमच्या खात्यात येणार, आणि पहिल्याच कागदावर खोटं?"

"सर, कोणतं खोटं?"

मी वॉरंट वाचून दाखवलं. ती नुसती पाहत राहिली.

"सर, मले खरंच माहीत नाही."

'मले माहीत नाही' हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते ऐकू येणंच बंद झालं होतं. मी आवाज चढवला. गाडी कुणाची? तर तिच्याच नावावर. एका फ्लॅटवाल्यानं विकायला काढलेली पांढरी स्कूटर बापानं घेतली होती. लायसन घरात फक्त तिच्याकडे होतं म्हणून गाडी तिच्या नावावर, आणि मोबाइल नंबर बापाचा.

"मग समन्स कोणी घेतलं?"

"मले नाही मिळालं, सर. अन् गाडीले तं मी वर्षभरापासून हातच नाही लावला. चाबी बाबांकडे असते."

"का?"

"मागून घेतली त्यांनी. काहून, ते नाही सांगितलं."

हवालदारानं समन्सच्या बजावणीची प्रत काढली. मागच्या बाजूला सही होती, एकेक अक्षर सुटं काढलेली. बापाची. आमच्याच एका शिपायानं घरी जाऊन, मुलगी नाही म्हणून, बापाच्या हातात समन्स दिलं होतं आणि सही घेऊन निघून आला होता. कायद्यानं त्यात काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा आणि बापालाही बोलावून घेतलं. तो ड्यूटीवरूनच आला, निळ्या गणवेशात, खांद्याला शिट्टीची दोरी. माझ्या खोलीत एक तपासाची बैठक चालू होती म्हणून दोघांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. बैठक संपली तसा हवालदार आत आला आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, एक सांगू काय? हे दोघं बोलत नाहीत."

"भांडले असतील."

"भांडणाचं नाही वाटत. दोघं बाकाच्या दोन टोकांले बसून राहिले. पोरगी मले येऊन म्हणते, काका, बाबांले पाणी द्या. घडा तिच्याजवळ, ग्लास तिच्याजवळ, बाप हातभरावर. अन् सांगते मले."

हवालदार दहावी नापास होता, पण माणसं वाचण्यात माझ्या पुढे होता. ठाण्यात आलेली घरची माणसं एकमेकांना चिकटून बसतात. घरी तोंड न पाहणारे भाऊसुद्धा ठाण्यात खांद्याला खांदा लावतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. आणि इथं हातभर अंतरावरचं पाणी पोलिसाच्या हातून जात होतं.

मी बापाला एकट्यालाच आत घेतलं. बसायला सांगितलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"सही तुमची?"

"हो साहेब."

"मुलीला सांगितलं?"

"नाही."

"तिच्या नावाचं कोर्टाचं समन्स घेता आणि तिला सांगत नाही? तिची नोकरी जाते आहे, कळतं का?"

 मी दहा प्रश्न विचारले, तो दहाही वेळा टेबलाच्या काचेकडे पाहत राहिला. चोराचं गप्प बसणं वेगळं असतं. त्यात हिशेब असतो, डोळे दाराकडे जातात. याचे डोळे कुठंच जात नव्हते. मग हवालदारानं चहा आणला आणि माझ्या परवानगीशिवाय त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसला.

"काहून गा भाऊ, पोरीवर एवढा राग कायले?"

"राग नाही जी," तो म्हणाला. एवढ्या वेळात पहिल्यांदा तो आपणहून बोलला. "राग असता तं बोललो असतो."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. आधी मोबाइलवर मेसेज आला. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तो मोबाइलच्या दुकानात गेला. दुकानदारानं लिंक उघडली, फोटो मोठा केला आणि दुकानातल्या दोघा-चौघांना दिसेल असा धरून म्हणाला, "काका, हे तुमचीच पोरगी न? मांगं जावई बसवला काय?" फोटोत स्कूटर चालवणारी मुलगी, तोंडाला ओढणी बांधलेली, फक्त डोळे उघडे. मागे एक तरुण, त्याचा हात तिच्या खांद्यावर. मेसेजमध्ये नंबर पोरीच्या गाडीचा. दुकानदारानं चलानाची प्रत काढून त्याच्या हातात दिली.

"घरी गेलो. ते स्वयंपाक करत होती, मायच्या हाताखाली. मले काही बोलता नाही आलं. चाबी मागून घेतली. बस."

"विचारलं का नाही?"

"काय विचारू साहेब? कोण होता म्हणून?"

"आणि कोर्टात?"

तो कोर्टात गेला होता. हे आमच्या कोणत्याच कागदावर नव्हतं. समन्सच्या तारखेला रजा काढून, धुतलेला शर्ट घालून, सकाळी दहापासून कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होता. आपण बाप आहोत, चूक कबूल करून टाकू, पोरीला यायला नको, न्यायाधीशानं तिला विचारायला नको की मागं कोण बसला होता, असा त्याचा विचार. दुपारी कोर्टाच्या शिपायानं दारात येऊन पुकारा केला. मुलीचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. व्हरांडा माणसांनी भरलेला. तीनदा पुकारा झाला.

"हात वर कराले पायजे होता," तो म्हणाला. "नाही झाला साहेब. एवढ्या लोकाईत माझ्या पोरीचं नाव आरोपी म्हणून, अन् मी हात वर करू? मी भिंतीले टेकून उभाच राहिलो. शिपाई आत गेला. मी घरी आलो."

त्या तीन हाकांना कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून वॉरंट निघालं होतं.

मी विचारलं, घरी बायकोला तरी सांगितलं होतं का? तेव्हा त्यानं पहिल्यांदा डोळे पुसले. बायको त्याच वर्षात गेली होती. किडनीचं दुखणं. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या वॉर्डात एका बाजूला मुलगी, एका बाजूला तो. ती दोघांना विचारायची, तुमचं काय झालं? बोलत काहून नाही? मुलगी म्हणायची, मले नाही माहीत वं माय. तो म्हणायचा, काही नाही.

"विचारत विचारतच गेली ते."

हवालदार उठून खिडकीपाशी गेला.

खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हाही मुलगी खोटंच बोलत होती. तरुण मुलगी, मागे मुलगा, बापाला कळलं, गाडी बंद. यात तपासण्यासारखं काय आहे? मी म्हणालो, ती प्रत दाखवा. त्यानं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून घडी घालघालून फाटत आलेला कागद. मी चष्मा लावला. फोटो काळपट, पण नंबरप्लेट दिसत होती. मी बोट ठेवून, मोठ्यानं, इंग्रजीत वाचलं. टू, झीरो, थ्री, एट. मग त्याला समजावं म्हणून म्हणालो, "हे पाहा, दोन शून्य तीन आठ. गाडी तुमचीच."

तो कागदावर वाकला. माझ्या बोटाच्या टोकाशी पाहिलं.

"साहेब, हा तं चार आहे."

"आठ आहे."

"इंग्रजी असता तं आठ असता. हे मराठी आहे. हे पाहा, वरतं एम एच मराठीत लिवलं."

मी पुन्हा पाहिलं. मग हवालदाराला मोबाइल घेऊन बोलावलं, वाहतूक शाखेच्या यादीतून तोच फोटो काढायला लावला आणि बोटांनी मोठा करवला. प्लेट मराठीत रंगवलेली होती, कोणा हौशी पेंटरनं. दोन, शून्य आणि तीन हे आकडे दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखेच दिसतात. आणि मराठीतल्या चारची वरची दोन टोकं त्या पेंटरनं नक्षीसाठी एकमेकांना भिडवली होती. झाला इंग्रजी आठ. कॅमेऱ्याच्या खोलीत बसून नंबर टाइप करणाऱ्यानं आठ वाचला, योगायोगानं तीही गाडी पांढरी स्कूटर, चलान भलत्या घरी गेलं. कोर्टातून समन्स निघालं, वॉरंट निघालं. शिकलेल्या दहा माणसांच्या हातून तो कागद गेला, त्यात मी बी.ए. अकरावा. बरोबर वाचला तो चौथी शिकलेल्या माणसानं.

"वर्षभर हा कागद तुमच्या खिशात आहे," मी म्हणालो. "तुम्ही नंबर पाहिला नाही?"

"नंबर म्या पायलाच नाही, साहेब," तो म्हणाला. "म्या तो हात पायला."

 तो फोटोकडे पाहत राहिला. एकदा म्हणाला, "ओढणीही हिच्यासारखीच." नागपूरच्या उन्हात तोंड बांधून गाडी चालवणाऱ्या अर्ध्या पोरी एकमेकींसारख्याच दिसतात, हे मी त्याला सांगितलं नाही. शेवटी तो म्हणाला, "आता तिच्या मायले कोण सांगन?"

मुलीला आत बोलावलं. खरं तर सांगायचं काम त्याचं होतं, पण त्याचा ओठ हलेना, म्हणून मीच सांगितलं. फोटो तिच्यापुढे ठेवला. हा फोटो मी आदल्या दिवशीच, पहिल्या पाच मिनिटांत, तिला दाखवायला हवा होता. मी वॉरंट वाचून दाखवलं आणि आवाज चढवला. ती माझी चूक, आणि ती कोणत्याही नोंदवहीत नाही.

तिनं फोटो पाहिला. मग बापाकडे पाहिलं.

"म्हणून बोलत नव्हते तुम्ही? मले वाटलं, मी पोलिसात जाऊन राहिली ते तुमाले आवडत नाही."

तो खाली पाहत होता.

"एकदा विचारायचं तं होतं, बाबा. एकदा."

"विचारलं असतं," तो म्हणाला, "अन् तू हो म्हटलं असतं तं?"

तिनं तो फोटो टेबलावर उलटा ठेवला.  मग म्हणाली, "आईले तरी सांगायचं होतं. ते तं विचारत होती न." आणि तिथं उभ्या उभ्या रडली. बाप उठला, तिच्याजवळ गेला, आणि हात उचलून तिच्या डोक्यापर्यंत नेऊन तसाच थांबला. मग ठेवला. हवालदार आणि मी बाहेर आलो आणि त्यानं दार ओढून घेतलं. प्रभारी अधिकाऱ्याला त्याच्याच खोलीबाहेर उभं पाहून ठाण्यातले लोक बुचकळ्यात पडले.

पुढचं कागदी काम सोपं होतं. वाहतूक शाखेला पत्र, फोटोची मोठी प्रत, दोन्ही गाड्यांची नोंदणी. खऱ्या गाडीची मालकीण त्याच भागात राहत होती. मागे बसलेला तिचा नवरा निघाला. "अरे बापरे, एवढ्या जुन्या सिग्नलचं आता?" असं म्हणत ती दंड भरून, प्लेट बदलायचं कबूल करून हसत गेली. तिचं हसणं चूक नव्हतं. तिला काय माहीत.

कोर्टात मी स्वतः गेलो. एवढ्याशा प्रकरणात निरीक्षक आला म्हणून तिथल्या कारकुनानं टोमणाही मारला, "साहेब, ठाण्यात काम कमी आहे वाटतं." मुलगी आणि बाप दोघंही आले होते. शिपायानं दारात येऊन तिच्या नावाचा पुकारा केला. पहिल्याच हाकेला बाप म्हणाला, "आहे, आहे, हजर आहे," आणि तिच्या आधी आत शिरला. न्यायाधीशांनी कागद पाहिले, वॉरंट रद्द केलं, चलान काढून टाकलं. सगळं मिळून चहा निवण्याइतका वेळ लागला.

त्या दिवसापासून मी ठाण्यात एक नियम लावला. समन्स कायद्यानं घरच्या कोणाच्याही हातात दिलं तरी चालतं. माझ्या ठाण्यात मात्र बजावणीला जाणाऱ्यानं ज्याचं नाव त्याच्याशी, निदान फोनवर तरी, बोलल्याशिवाय परत यायचं नाही. शिपाई कुरकुरले. मी ऐकलं नाही. या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, की मी आयुष्यभर संशयितांना प्रश्न विचारून पोट भरलं, आणि प्रश्न न विचारल्यानं काय होतं ते मात्र एका चौकीदाराच्या घरात पाहिलं. तो बाप वाईट नव्हता. मुलीवर त्याचा जीव होता, म्हणूनच तर विचारायची भीती वाटली. पण त्या गप्प राहण्यात एक बाई आपल्या माणसांना काय झालं ते न कळताच गेली, आणि ती गोष्ट कोणत्याही न्यायालयात दुरुस्त होत नाही.

मी निवृत्त झाल्यावर ती एकदा घरी आली, वर्दीत. सॅल्यूट ठोकला, मग वाकून नमस्कार केला. मी विचारलं, बाबा कसे आहेत?

"बोलतात आता, सर. जरा जास्तच बोलतात. बंदोबस्तात असली तरी फोन करून विचारतात, जेवली काय, पाणी पेली काय. आईच्या वाटचंही बोलून राहिले."

ती हसली, आणि हसता हसता खिडकीबाहेर पाहू लागली.

आज ती पोलीस दलात शिपाई आहे. त्या घराण्यातली ती पहिली सरकारी नोकरी. तिचा पडताळणी अहवाल मुदतीच्या एक दिवस आधी माझ्या सहीनं गेला. त्यात तिच्या नावापुढे मी लिहिलं, 'कोणताही खटला प्रलंबित नाही. उमेदवाराने दिलेली माहिती खरी आहे.'